ज्याची गाडी, त्यानं आत बसायचं

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. माझ्या मशिनखाली कापडाचे तुकडे साठायचे ना, तसे ते साठतात. टाकून द्यावेत म्हणून वाकावं, तर एकेक तुकडा हातात घेऊन बघण्यातच दुपार जाते. 'अरे, हा तर त्या वकिलाच्या हुडाचा! हा त्या मामलेदाराच्या गादीचा!' काम राहतं बाजूला.

तर आमचं गॅरेज धुळ्याला, आग्रा रोडला लागून. आमचं म्हणजे नाना मिस्त्रींचं. मी त्यांच्याकडे हुडं शिवायचो, गाद्या भरायचो, आतलं अस्तर लावायचो. मूळचा शिंपी, म्हणून सगळे मला 'मास्तर' म्हणत. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. इंजिन दुरुस्त करणारे गावात दुसरेही होते. पण गाडीच्या आत पाणी येतंय म्हटलं, की धुळ्याचाच काय, जळगाव-अमळनेरचा माणूसही नानांकडे यायचा.

तेव्हाच्या गाड्यांचं टप आतासारखं सबंध पत्र्याचं नव्हतं. मधे लाकडी पट्ट्या, त्यांवर कापूस, त्यावर डांबर चढवलेलं कापड. खान्देशचा उन्हाळा खाऊन ते कापड पापडासारखं तडकायचं आणि पावसाळ्यात त्याचा हिशेब चुकता व्हायचा. बरं, पाणी मोठं लबाड! शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. टपात शिरेल, खांबातून उतरेल आणि निघेल तुमच्या बुटात.

नानांची माग काढायची पद्धत ठरलेली. गाडी आधी खडखडीत कोरडी करायची. आतून चाळलेल्या राखेचा हात फिरवायचा. मग झारीनं पाणी ओतायचं, तेही खालून वर. आधी दारांच्या कडा, मग खिडक्या, मग समोरची काच, आणि टप सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच वाहणार, मग चोर कोण नि साव कोण? राखेवर जिथं रेघ उमटेल, तिथून वर वर जात भोक गाठायचं आणि सफेदा नि तेलाची लुकण भरून बंद करायचं.

आणि सगळ्यात मोठा नियम: ज्याची गाडी, त्यानं काचा लावून आत बसायचं!

"नाना, मी कशाला? तुमचा माणूस बसवा की!" असं प्रत्येक जण म्हणायचा.

"माझ्या माणसाला सगळंच कोरडं लागतं. भिजायचं तुम्हाला आहे. बसा!"

*

जळगावचे एक वकीलसाहेब होते. स्वभाव असा, की 'आज सोमवार ना?' विचारलं तरी सरळ 'हो' म्हणणार नाहीत. त्यांच्या गाडीत मागच्या बाजूनं पाणी यायचं. राखेवर रेघ काही नीट दिसेना, म्हणून नानांनी त्या दिवशी झारीच्या पाण्यात कपड्यांची नीळ कालवली.

वकीलसाहेब पांढरंशुभ्र धोतर आणि लांब सदरा घालून मागच्या सीटवर बसले. हातात कसले तरी कागद. मी झारी धरली. नाना बाहेरून काचेवर टकटक करून विचारायचे, "साहेब, पाणी?"

"माझ्या निदर्शनास आलेलं नाही!"

खिडक्या झाल्या. "साहेब, पाणी?"

"तसं म्हणायला आधार नाही!"

टप झालं. "साहेब, आता?"

"मिस्त्री, ही गाडी गळते असं सिद्ध करणारी एकही गोष्ट माझ्यासमोर नाही!"

असं म्हणत साहेब दार उघडून उतरले आणि आमच्याकडे पाठ करून आत ठेवलेली छत्री घ्यायला वाकले. मानेपासून कमरेपर्यंत नुसता निळा ओघळ!

नाना म्हणाले, "समोर नाहीच साहेब. सगळा पुरावा मागं आहे!"

*

हसण्याचं सोडा. आता भिकाचं सांगतो, कारण त्या पावसाळ्यात आमच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

भिका म्हणजे हस्तीमल शेठचा ड्रायव्हर. शेठ कापसाचे व्यापारी, मारवाडी जैन, माणूस वाईट नाही पण शब्दाचा कडक. एकदा बोलले की तो दगड. आठवड्यातले बरेच दिवस ते पारोळ्याच्या बाजारात असत. बाहेरचं अन्न शिवायचे नाहीत. पावसाळ्याचे चार महिने तर जेवण घरचंच आणि दिवस मावळायच्या आत. म्हणून भिका त्यांना सकाळी पारोळ्याला सोडायचा, रिकामी गाडी घेऊन धुळ्याला परत यायचा, शेठाणीकडून डबा घ्यायचा आणि पुन्हा पारोळा गाठायचा. गाडी काळी, बंद टपाची सलून, शेठच्या पगडीसारखीच ऐटबाज.

जुलैत एक दिवस शेठ स्वतः गॅरेजात आले. मागून भिका, मान खाली घालून.

"मिस्त्री, मागची गादी रोज ओली! मी बसलो की धोतर ओलं. बाजारात लोक हसतात. हा म्हणतो, गाडी गळते. मी म्हणतो, हा काच उघडी टाकून झोपतो. पोळ्यापर्यंत बघा. गळती सापडली तर ठीक. नाही सापडली तर मी ड्रायव्हर बदलणार."

शेठ गेल्यावर भिका तिथंच टायरवर बसला. "नाना, काच मी कधीच उघडी टाकत नही. माय शप्पत!"

भिका पूर्वी शेठच्या वडिलांचा छकडा हाकायचा. गाडी आली तेव्हा बैलांचे कासरे सोडून त्यानं स्टिअरिंग धरलं. घरी म्हातारी आई, बायको, दोन पोरी. गावात गाड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या, त्यामुळे ड्रायव्हरच्या जागाही तेवढ्याच. आणि निष्काळजी म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला दुसरा कोण उभं करणार? पुन्हा छकडा हाकायचा म्हटलं तर बैलही विकून झाले होते. मला भिकाचं फार वाईट वाटलं.

नाना त्याच्या पाठीवर थाप मारून त्याच्याच अहिराणीत म्हणाले, "पाणी शे ना? मंग त्याले वाट बी शे. सापडी जाई. तू चहा पी."

*

त्याच सुमारास धुळ्यातल्याच देवपुरातले एक रिटायर मामलेदार आले. त्यांची तक्रार ऐकून आधी आम्हाला वाटलं, हे चुकून दवाखान्याऐवजी इकडे आले.

"नाना, गाडीत बसलं की पोटात गुडगुडतं. ब्रेक मारला की जास्तच!"

पोट म्हटल्यावर त्यांनी वैद्य केला. वैद्यानं तळलेलं बंद केलं, भरीत बंद केलं, मिरचीचा ठेचा बंद केला. आता खान्देशच्या माणसाचा ठेचा काढून घेतल्यावर उरलं काय? मामलेदार सकाळ-संध्याकाळ मुगाची मऊ खिचडी खायचे आणि गुडगुड काही थांबत नव्हती. शेवटी त्यांची मंडळी एक दिवस शेजारी बसली आणि म्हणाली, "अहो, हा आवाज तुमचा नाही. हा दाराचा आहे!"

नानांनी गाडी ढकलून बघितली. डुबुक डुबुक! दाराच्या पोटात पाणी भरलेलं. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, ते निघून जायला दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात. मामलेदारांनी उन्हाळ्यात गाडीला हौसेनं नवा रंग मारून घेतला होता, त्यात रंगाऱ्यानं भोकंही रंगवून टाकली. मी दाभणानं भोक मोकळं केलं तशी धारच लागली. बादली भरली!

मामलेदारांनी त्या बादलीत वाकून बघितलं. मग रडवेल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे नाना, इतके दिवस मी खिचडी उगाचच खाल्ली?"

"उगाच कशी साहेब? गाडीचं दुखणं मालकानं अंगावर काढलं!"

*

शेठच्या गाडीवर आम्ही पहिला हात फिरवला आणि आनंदानं नाचायचेच बाकी राहिलो. गळती लगेच सापडली!

झालं असं होतं. शेठच्या घरातल्या बायका गाडीतून देवदर्शनाला जायच्या, तेव्हा आत पडदे लागायचे. त्या पडद्यांची दांडी बसवायला कुणीतरी सुतार बोलावला. सुतारानं काय करावं? घराच्या चौकटीला ठोकतात तसे लांबलचक खिळे आतून वर ठोकले! टपाचं कापड फोडून खिळ्यांची टोकं वर आलेली. पाणी खिळ्याच्या अंगानं टिपटिप आत.

बरं, हे इतके दिवस कुणाला दिसलं कसं नाही? तर पडदे लावले की आत बायका, म्हणून पुरुष माणूस डोकावणार नाही. आणि पडदे काढले की दांडीकडे बघतो कोण? मी शेठाणींना निरोप पाठवून विचारलं, तर उत्तर आलं, "थेंब आमच्या डोक्यावर पडायचा ना! आम्हाला वाटलं, मोटारीत असंच असतं."

आम्ही खिळे काढले, भोकं भरली, वरून कापडाचं ठिगळ मारून डांबर चढवलं. भिकानं नानांचे पाय धरले. जाताना हॉर्न वाजवत गेला.

आणि पुढच्या मोठ्या पावसानंतर परत आला. चेहरा पार उतरलेला. "नाना, गादी वल्लीच शे."

मी गादी उसवून वाळत घातली. आतून मेथीची एक काडी निघाली. आणि वास! टपातून आलेल्या पाण्याला डांबराचा वास असतो. या गादीला ओल्या घोंगडीचा होता.

"भिका, घोंगडी ठेवतोस का रे मागं?" नानांनी विचारलं.

"हा नाना. मनी शे," घोंगडी आपलीच असल्याचं सांगून तो रेडिएटरमधलं पाणी बघायला गेला. पाणी तर त्यानं आल्या आल्याच बघितलं होतं.

*

पारोळ्याकडचे एक पाटील होते. त्यांची सासरवाडी अमळनेरला. त्यांची गाडी फक्त सासरवाडीत गळायची! घरी नाही, रस्त्यात नाही, बाजारात नाही. सासऱ्यांच्या दारात उभी केली, की पाऊस थेट पाटलांच्या मांडीवर.

पाटलांना आधी वाटलं मेव्हण्यांची चेष्टा आहे. मग नाना मुद्दाम अमळनेरला जाऊन दार बघून आले. सासऱ्यांच्या अंगणाला घराकडे चांगला उतार. गाडीचं नाक खाली झालं की टपावरचं सगळं पाणी पुढे धावून यायचं आणि समोरच्या काचेच्या वरच्या कडेत घुसायचं, कारण तिथलं रबर वाळून काटकी झालं होतं.

"रबर मुंबईहून यायला वेळ लागेल," नाना म्हणाले, "तोवर तिथं गाडी उलटी लावत जा. तोंड रस्त्याकडे."

पाटलांनी तसं केलं. गाडी कोरडी राहिली. पण पुढच्याच आठवड्यात ते रागानं लालबुंद होऊन गॅरेजात हजर!

"नाना, सासूबाई बोलत नाहीत! सगळ्या गल्लीला सांगत सुटल्यात, 'जावई येतस, पन गाडीनं तोंड रस्ताकडे! येवाना आगोदर जावानी घाई!' ते रबर-बिबर काही नको. लाख लावा, मेण लावा, काय लावायचं ते आज लावा. मांडी ओली परवडली, सासू कोरडी नको!"

नानांनी जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवून दिली.

*

नानांच्या स्वतःच्या घराचं सांगायचं तर एवढंच, की स्वयंपाकघराचं छप्पर गळायचं आणि नानांना सवड नसायची. एका दुपारी आम्ही जेवायला गेलो, तर वहिनींनी नानांच्या हातात उलथनं दिलं, चुलीपुढचा पाट दाखवला आणि स्वतः पडवीत जाऊन बसल्या.

"बसा! ज्याचं घर, त्यानं आत बसायचं!"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत छप्पर झालं. भाकरी मात्र करपलेल्याच खाल्ल्या.

*

पोळा जवळ आला तसा भिका गॅरेजात येऊन नुसताच बसायला लागला. आम्ही गाडीचं दार न् दार सोडवलं, खिडक्यांना नवी फेल्टं, म्हणजे जाड लोकरी पट्ट्या, लावली, पायाखालच्या फळ्या उचलून बघितल्या. तरी शेठ पारोळ्याहून परतायला बसले की धोतर ओलं! मला राग यायचा तो त्या पाण्याचा. एवढी माणसं, एवढी खटपट, आणि ते काही सापडायला तयार नाही.

शेवटी नानांनी शेठना बोलावलं. नियम म्हणजे नियम, शेठ आत बसले. पद्मासन घालून, हातात जपाची माळ, काचा बंद. आम्ही विहिरीवरून पाणी आणून आणून ओतलं. खालून, मधून, वरून, मागून. पांझरा नदीचा पूरच गाडीवरून गेला म्हणा ना! शेठची माळ चालूच.

दार उघडलं. शेठ घामानं डबडबलेले, पण गादी कोरडी. राखेवर एकसुद्धा रेघ नाही.

आम्हाला आनंद व्हायला हवा होता. पण गाडी गळत नाही हे सिद्ध झालं, म्हणजे भिकाचं काय झालं ते कळतंय ना?

शेठनी कपाळ पुसलं. "मिस्त्री, तुमचं काम चोख. गाडी ठीक आहे. म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं." मग भिकाकडे न बघता म्हणाले, "पोळ्यानंतर दुसरा माणूस बघतो."

भिका रिकाम्या बादल्या उचलायला लागला. मी त्याला हलवलं, "अरे, सांग ना काहीतरी! काच उघडी राहिली असेल तर तसं सांग, माफी माग!" तर म्हणतो, "काय सांगू मास्तर? शेठ बोलना ते बोलना."

*

नाना काही सोडायला तयार नव्हते. म्हणाले, "शेठजी, उभ्या गाडीचं पाणी वेगळं आणि पळत्या गाडीचं वेगळं. वारा पाण्याला आत ढकलतो. एकदा भर पावसात पारोळा रोडला जाऊन येऊ. तुम्ही मागं बसा, रोजच्या कोपऱ्यात. मग काय तो निकाल द्या."

शेठ कबूल झाले. दोन दिवसांनी पावसानं असं धरलं की समोरचं झाड दिसेना. नानांनी शेठना पगडी काढायला लावली, डोक्यावरून मांडीपर्यंत कोरा पांढरा पंचा पांघरायला दिला. थेंब पडला की डाग दिसला पाहिजे! पगडी गेली तसे शेठ शेठच दिसेनात. कुणी आजारी माणूस दवाखान्यात चाललाय असं वाटत होतं. ते मागं डावीकडे, मी उजवीकडे, नाना पुढे भिकाशेजारी.

पार निम्म्या वाटेपुढे गेलो. वारा, पाऊस, चिखल, सगळं झालं. पंचा कोरडा ठणठणीत. नाना वळून वळून बघायचे आणि मी मान हलवायचो. शेवटी शेठ म्हणाले, "बस, मिस्त्री. चला परत."

गाडी वळली. हीच वेळ भिका रोज डबा आणायला धुळ्याकडे निघायचा ती.

एका नाल्याच्या अलीकडे बाभळीखाली एक म्हातारी उभी होती. डोक्यावर घोंगडीची खोळ, पदराखाली गाठोडं. गाडी बघून तिनं हात वर केला. भिकानं बघितलं. गाडी तशीच पुढे गेली. मागच्या बारक्या काचेतून मला दिसलं, की म्हातारी चिखलातून पळत निघाली.

थोडं पुढे जाऊन भिकानं ब्रेक मारला. कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मान खाली घातली.

म्हातारी धापा टाकत आली. सवयीनं डावीकडचं दार तिनंच उघडलं.

"आज काबर पुढे काढी रे भिकाभाऊ? माले वाटनं, शेठनी मना करं!" मग पंच्याकडे बघून, "सरक रे भाऊ जरासा."

हस्तीमल शेठ सरकले! माझ्या मांडीला मांडी लावून मधे बसले. म्हातारी रोजच्या कोपऱ्यात टेकली आणि तिच्या घोंगडीतून पाणी निथळायला लागलं. थेट गादीवर, तिथंच, जिथं आम्ही सबंध पावसाळा शोधत होतो. मी नानांकडे बघितलं. नाना काचेतून सरळ पुढे बघत बसले होते.

म्हातारीला मात्र शेजारच्या माणसाची काळजी. "काय व्हयनं रे तुले? ताप शे का? तू बी दवाखानामाच चालना का?" आणि तिनं सरळ शेठच्या कपाळाला हात लावला. "ताप ते नही शे!"

शेठनी विचारलं, "बाई, ही गाडी कुणाची आहे माहीत आहे का?"

"माहीत नही कसं? शेठनी शे. त्यानाच हुकूम शे ना, गाडी रिकामी चालनी तर वाटवरना मानूसले भिजू देवानं नही. भिकाभाऊनी सांगेल शे." तिनं पदराखालचं गाठोडं दाखवलं. "मना मालक तठे दवाखानामा पडेल शे. दुसरानं हातनं तो खात नही. मनी भाकर-मेथी त्याले पोचस ती त्या शेठमुळे."

"तुम्ही पाहिलंय शेठला?"

"मी कोठे देखसू? पन सांजले दिवा लावस, तव्हय त्यानं नाव लेस."

"काय नाव घेता?"

"नाव माले काय माहीत! 'भिकाना शेठ' इतलंच म्हनस. देवले समजी जास."

भिकाचे कान लाल झाले होते आणि मला खोकला आल्यासारखं करून डोळे पुसावे लागले. धुळ्याला सरकारी दवाखान्यापाशी म्हातारी उतरली. दार लावायच्या आधी वाकून शेठना म्हणाली, "घाबरू नको रे भाऊ. तुले बी बरं वाटी."

गाडी गॅरेजात येऊन थांबली. भिका खाली उतरला, मागचं दार उघडलं आणि गाडीची चावी शेठपुढे धरली.

शेठनी चावीकडे बघितलं. "मला कशाला देतोस? मला चालवता येते का?"

मग पंचा काढून त्यांनी पिळला, पगडी डोक्यावर नीट बसवली आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर, मागच्या गादीचं माप घ्या. मेणकापड शिवा. चांगलं जाड!"